सहांत एक

“भाऊसाहेब, आवो दमानं! काल ताप उतरला न् आज धावायला लागले तुमी!”

खडवली स्टेशनापासून बीज केंद्राकडे जाणाऱ्या बांधावरून त्र्यंबक पेठे खरोखरच धावत होते. वय चोपन्न, उंची सहा फूट, अकरा दिवसांच्या हिवतापाने अंगावर उरलंसुरलं मांस, कानात अजून क्विनाइनची गुणगुण, आणि तरी धोतराचा सोगा हातात धरून माणूस धावत होता. मागून हौसाबाई येत होती. ती केंद्रावरच्या बायांची म्होरकी. उंचीने त्र्यंबकरावांच्या कोपराला जेमतेम लागायची, पण आवाज नदीपलीकडे पोचवायची.

“पिकाला काय झालं नाय वो! निगुतीनं ठेवलंय मी. बेणणीबी करून घेतली, तण येक नाय ठेवलं!”

ते ऐकायला त्र्यंबकराव थांबलेच नाहीत. अकरा दिवस डोंबिवलीच्या चाळीत तीन गोधड्यांखाली कुडकुडताना त्यांना एकच ध्यास होता. पेरून पाच आठवडे झालेली ती रोपं आता पुरती ओळखू येत असतील. त्यांत बुटकी किती आली असतील? पत्नी उत्तराबाई कपाळावर मिठाच्या पाण्याच्या पट्ट्या ठेवत होत्या आणि हे तापात बडबडत होते, “चारांत एक, चारांत एक.” शेजारणीला वाटलं, नात्यातल्या कुणा मुलीला आलेल्या चार स्थळांबद्दल बोलताहेत. उत्तराबाई म्हणाल्या, “छे हो, त्यांच्या बुटक्याबद्दल चाललंय. आमच्या घरी मूल नाही, पण या बुटक्याचे लाड चार वर्षं बघतेय मी.”

त्या बुटक्याची हकीकत अशी. सरकारने हौसेने कुठूनसं सोयाबीन आणून ठाणे जिल्ह्यात लावून बघायचं ठरवलं आणि खडवलीच्या केंद्रात त्याला दहा गुंठे मिळाले. आसपासच्या गावांत त्याला कुणी सोयाबीन म्हणत नसे. ‘सरकारी वाल’ म्हणत. झाडं छातीएवढी वाढायची, बघणारा खूश व्हायचा, आणि श्रावणात दोन दिवस वारं-पाऊस लागला की सगळी आडवी. शेंगा चिखलात, दाणे जागीच कुजलेले. असं दर वर्षी चालायचं. एक्कावन्न साली अशाच एका झोडपणीनंतर त्र्यंबकराव वाफे बघत होते. सगळं पीक जेवणावळीनंतरच्या पाहुण्यांसारखं लवंडलेलं, आणि मधोमध एकच झाड ताठ उभं. गुडघ्याएवढंही नव्हतं. शेंगा मोजक्या, दाणे बारीक, पण उभं!

त्या झाडाभोवती त्यांनी काटक्यांचं कुंपण केलं. पुढच्या वर्षी त्याच्या बियांची रोपं केली, ती सगळी बुटकीच झाली. मग मात्र या मॅट्रिकपर्यंत शिकलेल्या फील्डमनच्या डोक्यात जी कल्पना शिरली ती निघेना. या बुटक्याचा ताठपणा आणि त्या उंचाचा भरलेला दाणा एका झाडात आणायचा! वरच्या ऑफिसातून त्यांनी वनस्पतींच्या वंशशास्त्राचं एक पुस्तक मागवलं आणि शब्दकोश शेजारी घेऊन वाचलं. डोंबिवलीतल्या घड्याळजीकडून बारीक चिमटा मागून आणला. सोयाबीनचं फूल तांदळाच्या दाण्याएवढं, त्यातही स्वतःचं लग्न स्वतःच उरकून मोकळं होणारं. ते उमलायच्या आधी फोडायचं, त्यातले पुंकेसर काढायचे, आणि उंच झाडाचा पराग आणून लावायचा. सकाळी पाण्याने भरलेल्या वाफ्यात ओणवं होऊन त्र्यंबकरावांनी असं एकशे चाळीस फुलांचं लग्न लावलं. शेंगा धरल्या तीन. बिया मिळाल्या सात.

त्या सात बिया त्यांनी राखेत घालून बाटलीत घरी ठेवल्या, देवघरात. देवच त्यांचं रक्षण करील म्हणून नव्हे, तिथे उंदीर येत नसत म्हणून. हे शहाणपणाचं ठरलं, कारण मूळच्या बुटक्याचं सारं बियाणं ऑफिसच्या डब्यात होतं. त्या वर्षी कौलं गळली, डब्यात ओल गेली आणि बियाण्याला बुरशी आली. एकही बी उगवली नाही. आता बुटका कुठे असलाच तर त्या सात बियांच्या पोटात होता.

सात पेरल्या, एक पाखराने उचलली, एक कुजली, पाच उगवल्या. आणि पाचही झाडं छातीएवढी उंच झाली!

केंद्रावर हसू पिकलं. धोंडीबा शिपाई म्हणाला, “भाऊसाहेब, आईस बुटकी न् पोरं ताडमाड! कुनाची म्हणायची ही?”

त्र्यंबकरावही हसले. ते खूश होते. “अरे, तेच तर पाहिजे होतं! बुटक्या आईची पोरं उंच निघाली म्हणजे बापाचा पराग लागला, लग्न खरं लागलं. आता बुटका आत लपलाय. पुढच्या पिढीत चारांत एक बाहेर येईल.”

धोंडीबाने मान डोलावली आणि पाठ फिरवून डोक्याशी बोट फिरवलं. समजलं ते हौसाबाईला. ती वाफ्यात बसल्या बसल्या म्हणाली, “म्हंजे माज्या सासूचे डोळे.”

“काय?”

“सासू माजी घारी. दादला काळ्या डोळ्यांचा. मीबी काळी, पन माजी मावशी घारी होती. न् आमची मालन बघा, मांजरीवानी घारी! सासू बोलली, माजे डोळे तुज्या पोरीनं चोरले. चोरले कुटले, आतच व्हते की. तुमच्या बुटक्यावानी.”

त्र्यंबकराव तिच्याकडे बघतच राहिले. जे समजायला त्यांना शब्दकोशासकट पावसाळा लागला होता, ते या बाईने खुरपं खाली न ठेवता सांगितलं होतं. त्या दिवशी घरी जाऊन त्यांनी उत्तराबाईंना हे तीनदा ऐकवलं.

आता चोपन्न साल. त्या पाच झाडांच्या बिया हात-हात अंतरावर पेरल्या होत्या. आजारी पडायच्या आधी त्यांनी स्वतः मोजून रजिस्टरात लिहिलं होतं, उगवण तीनशे एक्याण्णव. भाद्रपदात मोठे साहेब पुण्याहून येणार होते. चारांत एक बुटकं त्यांना दाखवलं तर काम पुढे चालणार होतं, नाहीतर सोयाबीनचे दहा गुंठे भाताकडे जाणार होते. आणि त्र्यंबकरावांची नोकरी उरली होती आठ महिने.

म्हणून ते धावत होते. वाफ्याच्या कडेला येऊन ते थांबले आणि त्यांच्या तोंडचं पाणी पळालं.

पीक दृष्ट लागावी असं होतं. हिरवंगार, तण नावाला नाही. आणि सगळं एकसारखं उंच. या टोकापासून त्या टोकापर्यंत एकही रोप मान खाली घातलेलं नाही. त्र्यंबकराव एक ओळ चालून गेले, दुसरी गेले, तिसरीत तर ओणवे होऊन पानं बाजूला सारत गेले. बुटकं नव्हतं. पुस्तक खोटं होतं, नाहीतर चार वर्षांत आपलंच कुठेतरी चुकलं होतं. ते चिखलात मटकन बसले.

“बघा,” हौसाबाई धापा टाकत येऊन कमरेवर हात ठेवून उभी राहिली. “कसं केलंय! तुमी आजारी, मंग मीच पाची बाया घेतल्या न् बेणून काढलं. खुरटी व्हती ती समदी उपटली. नुसती जागा खात व्हती मेली.”

त्र्यंबकरावांनी मान वर केली. “काय उपटली?”

“खुरटी वो! भाताच्या आवणातली रोपं नाय का आपन लावणीला जोमाची घेतो न् मेलेली टाकतो, तशी. येक येक बघून काढलीय. येकबी नाय ठेवली.”

खरं तर तिची चूक काहीच नव्हती. भाताच्या मुलखात तिने जन्म काढला होता. रोप बघून जोमाचं ठेवायचं आणि खुरटं काढायचं, हे तिच्या आईने तिला चालायच्या आधी शिकवलं असेल. बुटका हवाय हे तिला ठाऊक होतं. पण बुटका म्हणजे ते कुंपणातलं ताठ, गुडघ्याएवढं झाड, हे वीतभर रोप तोच आहे हे तिला कुणी सांगितलं होतं? सांगणारा तापात बरळत पडला होता.

त्र्यंबकरावांच्या अंगातला सगळा ताप पुन्हा डोक्यात चढला. “हौसाबाई!” ते ओरडले. आयुष्यात ते कुणावर ओरडले नव्हते, त्यामुळे पुढे काय म्हणायचं ते त्यांना सुचेना. “अगं तोच... तोच होता तो! चार वर्षं... तूच म्हणालीस ना सासूचे डोळे! ते डोळे उपटलेस तू!”

हौसाबाईचा हात कमरेवरून गळून पडला. तिने वाफ्याकडे पाहिलं, मग स्वतःच्या हातांकडे पाहिलं. “आई गं माजे!” ती म्हणाली आणि तिथेच खाली बसली. दोघं चिखलात समोरासमोर बसलेली, मधे हिरवंगार पीक.

मग त्र्यंबकरावांच्या डोक्यात काहीतरी चमकलं. ते उठले आणि पहिल्या ओळीपासून मोजायला लागले. मोठ्याने, बोट टेकवत. शेवटच्या ओळीला त्यांचा आवाज चिरकायला लागला होता. दोनशे चौऱ्याण्णव.

“तीनशे एक्याण्णवातून दोनशे चौऱ्याण्णव गेले... हौसाबाई, उपटलेली कुठे टाकलीस? बकरीला घातलीस?”

“बकरीला कशी घालू?” रडतारडताही तिला राग आला. “सरकारी माल हाय! तुमीच बोलले व्हते, हितलं पानबी माज्याबिगर भायेर जायाचं नाय. आवणावानी मुठी बांधून ठेवल्यात छपरात.”

त्र्यंबकराव पुन्हा धावले. अवजारांच्या छपरात, आढ्याला टांगलेल्या, भाताच्या रोपांच्या बांधतात तशा सुंभाने बांधलेल्या मुठी होत्या. वाळून तपकिरी झालेल्या. त्यांनी त्या खाली काढल्या, सोडल्या आणि जमिनीवर एकेक रोप मांडायला लागले. हौसाबाई आली आणि न विचारता दुसऱ्या टोकाने मांडू लागली. ती विसाने मोजायची. “येक वीस. दोन विसा. तीन विसा.” रोपं कीड लागून खुरटलेली नव्हती. पेरं जवळजवळ, खोड जाड, पानं पूर्ण. रोगट एकही नाही. बुटकी, शुद्ध बुटकी.

“चार विसा न् सतरा,” हौसाबाई म्हणाली.

“सत्त्याण्णव!” त्र्यंबकराव ओरडले, आणि या खेपेला ते ओरडणं वेगळं होतं. “सत्त्याण्णव! चारांत एक! अगं, बरोबर चारांत एक! तू एकही चुकीचं उपटलं नाहीस आणि एकही सोडलं नाहीस! आलं, हौसाबाई, बाहेर आलं!” आणि सहा फुटांचा तो माणूस छपरात उडी मारायला गेला आणि आढ्यावर डोकं आपटून खाली बसला.

“पन मेली ना समदी,” हौसाबाई म्हणाली.

“मेली,” डोकं चोळत त्र्यंबकराव म्हणाले. डोळ्यांत पाणी होतं, ते आपटल्याचं की कशाचं ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

भाद्रपदात साहेब आले. माणूस वाईट नव्हता, घाईत होता. संध्याकाळच्या गाडीने परतायचं होतं. त्र्यंबकरावांनी रजिस्टर दाखवलं, आकडे सांगितले, वाळलेल्या मुठी टेबलावर मांडल्या. सांगताना ते इतके रंगले की साहेबांचा चहा निवला.

“पेठे,” साहेब म्हणाले, “आकडा सुरेख आहे. पण वाळलेल्या काड्या मी पुण्याला नेऊन दाखवू कशा? जिवंत बुटकं झाड दाखवा. एक दाखवा.”

“साहेब, तो या उंचांच्यात आहे अजून. तीन उंचांपैकी दोघांच्या पोटात. पुढच्या वर्षी यांचं बी पेरलं तर...”

“पुढच्या वर्षी तुम्ही आहात का इथे?” साहेबांनी शांतपणे विचारलं. मग म्हणाले, “ही उपटली कुणी?”

दाराशी हौसाबाई चहाची कपबशी उचलायला उभी होती. त्र्यंबकरावांनी तिच्याकडे पाहिलंही नाही.

“माझ्या देखरेखीखालची बेणणी होती, साहेब. सूचना माझ्याकडून अपुरी गेली.”

ते त्यांच्या सेवापुस्तकात तसंच लिहिलं गेलं. बत्तीस वर्षांच्या नोकरीत निष्काळजीपणाचा पहिला शेरा. सोयाबीनचे दहा गुंठे भाताला गेले. पीक निघेल ते मजुरांना खायला वाटावं, असं साहेबांनी जाताजाता सांगितलं.

पीक निघालं. अर्धंअधिक चिखलात कुजलं, बाकीचं वाटलं. बायांनी सरकारी वालाची उसळ करून पाहिली आणि तोंडं वाकडी केली. त्र्यंबकरावांनी हौसाबाईच्या ओच्यात ओंजळभर दाणे घातले. दोनशे चौऱ्याण्णवांतली जी झाडं हाती लागली, त्या प्रत्येकाचे दोन-तीन.

“मला नको उसळ,” ती म्हणाली.

“खायला नाही. तुझी वरकस जमीन आहे ना टेकाडावर, नाचणीची? तिथे कोपऱ्यात लाव. राखेत घालून ठेव तोवर, ओल लागू देऊ नकोस. आणि ऐक. आता चारांत एक येणार नाही. चारांतला एक तर तू काढलास. राहिलेल्या तिघांत एक कोरा उंच, त्याची सगळी पोरं उंच. दोघांच्या पोटात बुटका, त्यांची चारांत एक. म्हणजे सगळी मिळून...” त्यांनी बांधावर काटकीने रेघा ओढल्या, खोडल्या, पुन्हा ओढल्या. “सहांत एक. आलीच तर सहांत एक येतील.”

“तुमच्या पुस्तकात लिवलंय का सहांत येक?”

“नाही. हे मी काढलंय,” त्र्यंबकराव म्हणाले, आणि लाजले.

मार्चअखेर ते निवृत्त झाले. केंद्रावर पेढे वाटले गेले, नारळ मिळाला. रजिस्टरं त्यांनी सही करून नव्या माणसाच्या ताब्यात दिली. डोंबिवलीत सकाळी फिरायला जायचं, वाचनालयात वर्तमानपत्र वाचायचं आणि दुपारी उत्तराबाईंच्या कामात लुडबुड करायची, असा क्रम सुरू झाला. मृग लागला, आषाढ गेला. पाऊस जोरात आला की त्र्यंबकराव खिडकीशी जाऊन उभे राहत. श्रावणात दोन दिवस असं वारं सुटलं की चाळीची दोन कौलं उडाली. तिसऱ्या दिवशी उत्तराबाईंनी पहाटे उठून डबा भरला आणि त्यांच्या हातात दिला.

“हे काय?”

“जा खडवलीला. दोन दिवस जेवला नाहीत धड. बघून या एकदाचं त्या बुटक्याचं.”

टेकाडाची वाट निसरडी होती. खालच्या बीज केंद्राकडे त्र्यंबकरावांनी एकदा पाहिलं. दहा गुंठ्यांत भात छान आला होता. वर चढताना छाती भरून येत होती, तरी ते थांबले नाहीत. उघडीप झाली होती. हौसाबाई त्यांना लांबूनच दिसली. नाचणीच्या कडेला एकटी उभी होती, डोक्यावर इरलं तसंच, जणू सकाळपासून वाट बघत होती. त्यांना बघून तिने आज हाक मारली नाही. फक्त हात केला.

कोपऱ्यातलं सोयाबीन वाऱ्याने झोपवलं होतं. वरकस मातीत कमरेएवढीच झालेली झाडं एकमेकांच्या अंगावर आडवी पसरली होती. आणि त्या पसाऱ्यातून, इथे एक, तिथे दोन, पुन्हा पलीकडे एक, बुटकी झाडं ताठ उभी होती. हिरवी, जाडजूड, अंगभर शेंगा धरलेली. त्या पहिल्या झाडासारख्या मोजक्या नव्हेत, लगडलेल्या! त्र्यंबकराव गुडघ्यावर बसले. एका झाडाची शेंग त्यांनी दोन बोटांत धरून दाबून पाहिली. आत कोवळा दाणा टपोरा लागत होता.

“आला,” ते म्हणाले. “आला गं, हौसाबाई. दाणासुद्धा बापाचा घेऊन आला.”

“ह्या वर्साला येकबी उपटलं नाय,” ती म्हणाली. “जावेनं बेणायला हात घातला, तवा तिच्या हातातला इळा काढून घेतला मी.”

ते हसायला लागले. मग ती हसली. दोघंही हसत राहिली, टेकाडावर, ऐकायला कुणी नसताना. त्र्यंबकरावांनी सवयीने खिशात हात घातला. मोजून लिहायला हवं होतं. पण खिशात रुमालाशिवाय काही नव्हतं. आता कुठलंही रजिस्टर त्यांचं नव्हतं, आणि हा आकडा मागणारं कुणी पुण्यातही नव्हतं. ते तरी मोजायला उठलेच.

“कशाला वाकतां?” हौसाबाई म्हणाली. “मी मोजलीय. पाखरानं खाल्ली ती सोडून समदी मिळून धा विसा न् बारा.”

“दोनशे बारा,” त्र्यंबकराव पुटपुटले. “आणि बुटकी?”

“येक वीस न् पंधरा.”

त्यांनी डोळे मिटले. दोनशे बाराला पस्तीस. ओठ हलले, बोटं पेरांवर फिरली, आणि मग थांबली. सहांत एक.

“बरोबर हाय का? चुकली आसंल तर परत मोजा तुमी.”

बत्तीस वर्षांत दुसऱ्याने मोजलेला आकडा त्र्यंबकरावांनी स्वतः पुन्हा मोजल्याशिवाय कधी मानला नव्हता. ते ओल्या बांधावर बसले, पाय सोडून, ऐसपैस, सुटीवर आलेल्या माणसासारखे.

“परत मोजायला नको,” ते म्हणाले. “तू सांग फक्त. पुन्हा एकदा सांग.”